डाऊन यांचे घर

डाऊन सिंड्रोम हे शब्द आता डॉक्टरांच्या कागदावरून घराघरांत पोहोचले आहेत. त्यातले डाऊन हे एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना ठाऊक असते, तेही त्यांना लक्षणांची नोंद करणारे डॉक्टर म्हणूनच ओळखतात. प्रत्यक्षात या गृहस्थांची जवळजवळ चाळीस वर्षे वेगळ्याच कामात गेली. ज्यांची बुद्धी वयाबरोबर वाढत नाही, अशा मुलांनी आणि मोठ्या माणसांनी राहायचे कुठे व कसे, हा त्यांचा खरा विषय होता.

जॉन लँग्डन डाऊन यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८२८ रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात, टॉरपॉइंट या गावी झाला. वडिलांचे किराणा आणि औषधांचे दुकान होते. शाळा लवकर सुटली आणि मुलगा दुकानात उभा राहिला. ऐन तारुण्यात एकदा पावसाने गाठले म्हणून त्यांनी वाटेवरच्या एका लहानशा घरात आसरा घेतला. तिथे आल्यागेल्याला हवे-नको पाहणारी एक मंदबुद्धी मुलगी त्यांना दिसली. हिच्यासाठी काहीच करता येणार नाही का, हा विचार त्या दिवशी मनात शिरला तो कायमचा, असे पुढे त्यांनीच सांगून ठेवले आहे. वडील वारल्यावर १८५३ मध्ये, पंचविशीच्या उंबरठ्यावर, ते लंडन हॉस्पिटलमध्ये वैद्यकी शिकू लागले आणि १८५६ मध्ये बक्षिसे मिळवून बाहेर पडले.

अशा हुशार डॉक्टराने लंडनमध्येच नाव कमवावे, अशी सर्वांची अपेक्षा. डाऊन यांनी १८५८ मध्ये सरे परगण्यातील अर्ल्सवुडच्या आश्रमाचे वैद्यकीय प्रमुखपद स्वीकारले. स्नेह्यांना ही निवड चमत्कारिक वाटली. इमारत भव्य होती, राजघराण्याचा आशीर्वाद होता. पण सरकारी तपासनिसांनी तिथल्या अस्वच्छतेवर आणि हलगर्जीपणावर कडक ताशेरे ओढलेले होते.

डाऊन यांनी सुरुवात औषधापासून केली नाही. अंथरूण, आंघोळ आणि ताट यांपासून केली. मारहाण बंद झाली. जुने नोकर गेले, नवे निवडून घेतले. सगळ्यांनी टेबलाशी बसून सुरी-काट्याने जेवावे, असा आग्रह धरला. ज्यांना आजवर कसेबसे भरवून उरकले जात होते, त्यांना चारचौघांसारखे जेवता येते, हे त्यातून दिसले. हातांना सुतारकाम, बागकाम मिळाले. याच आश्रमात जेम्स हेन्री पुलेन हा बहिरा, जेमतेम बोलणारा कारागीर राहत असे. त्याने घडवलेली ग्रेट ईस्टर्न जहाजाची प्रतिकृती पाहून लोक थक्क होत.

त्यांच्या कामाला एक गालबोटही आहे. १८६६ च्या निबंधात त्यांनी या मंडळींचे वर्गीकरण मानववंशांच्या नावांनी केले आणि एका गटाला मंगोल वंशाचे नाव दिले. या साम्यावरून साऱ्या मानवजातीचे मूळ एकच आहे, असे त्यांना सुचवायचे होते. तरीही ते नाव चुकीचे आणि अपमानकारक होते, आणि ते शंभर वर्षे चिकटून राहिले. १९५९ मध्ये एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत सापडली. १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने ते नाव सोडले.

अर्ल्सवुडच्या व्यवस्थापनाशी मतभेद वाढल्यावर डाऊन १८६८ मध्ये बाहेर पडले. पत्नी मेरी हिच्यासह त्यांनी लंडनजवळ टेडिंग्टन भागात नॉर्मन्सफील्ड हे निवासगृह उघडले. आरंभी विसाच्या आतबाहेर माणसे होती; पुढे ती दीडशेच्या वर गेली. कारभाराचा मोठा भार मेरीने वाहिला. १८७९ मध्ये तिथे देखणे नाट्यगृह उभे राहिले. मनोरंजन हा इथे दिनक्रमाचाच भाग होता. अर्थात हे सारे फी भरू शकणाऱ्या सधन कुटुंबांसाठी होते, हेही विसरून चालणार नाही.

७ ऑक्टोबर १८९६ रोजी डाऊन गेले, चार वर्षांनी मेरीही. डॉक्टर झालेल्या दोन्ही मुलांनी घर चालवले. १९०५ मध्ये त्यांच्या एका मुलाच्या पोटी जन्मलेल्या नातवाला आजोबांनी वर्णिलेलीच स्थिती होती, आणि तो याच घरात वाढला.

१९५१ मध्ये नॉर्मन्सफील्ड सरकारी आरोग्यसेवेकडे गेले. पुढच्या पंचवीस वर्षांत त्याची रया गेली. मे १९७६ मध्ये तिथल्या परिचारक-परिचारिकांनीच वरिष्ठ डॉक्टरांविरुद्ध संप पुकारला. १९७८ च्या चौकशी अहवालात शुश्रूषेचा घसरलेला दर्जा आणि इमारतींची दुर्दशा नोंदली गेली. १९९७ मध्ये ते बंद झाले. नाट्यगृह तेवढे जपून ठेवले आहे.

आपल्याकडे अशा मुलांच्या आईवडिलांना एकच प्रश्न जाळतो: आमच्या माघारी याचे कोण? निवासगृह सापडले की निम्मा घोर गेल्यासारखे वाटते. नॉर्मन्सफील्डची इमारत तीच होती, पाटीही तीच होती. बदलले होते ते रोजचे बघणे. म्हणून असे घर पाहायला जाणाऱ्याने संस्थापकांची तसबीर आणि पाहुण्यांची खोली पाहून परतू नये. जेवणाच्या वेळी जावे, न कळवता जावे. माणसे कशी जेवतात, दुपारी त्यांच्या हाताला काय काम असते, आणि कोणी रागावले तर ते कोणाकडे जाऊन सांगू शकतात, एवढे पाहावे. १८५८ मध्ये डाऊन यांनीही अर्ल्सवुडमध्ये आधी हेच पाहिले होते.