बर्थाबाईंचा प्रवास

मुलांनो, रस्त्याने जाताना तुम्ही पेट्रोल पंप पाहिला असेल. गाड्या तेथे थांबतात, पेट्रोल भरतात आणि पुढे जातात. काही पंपांवर लहानसे दुकानही असते. तेथे पाणी, बिस्किटे आणि कधी कधी डोकेदुखीची गोळीसुद्धा मिळते. पण जेव्हा रस्त्यांवर पेट्रोल पंप नव्हते, तेव्हा एक बाई मोटार घेऊन शंभर किलोमीटरांच्या प्रवासाला निघाल्या. त्यांना वाटेत इंधन कोठे मिळाले असेल? त्यांची गोष्ट ऐका.

बर्था रिंगर यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील फोर्त्सहाईम या गावी झाला. असे सांगतात, की पुन्हा मुलगीच झाली म्हणून वडिलांनी घरच्या बायबलमध्ये जन्माची नोंद करताना खेद लिहून ठेवला. पुढे ती नोंद लहानग्या बर्थाच्या वाचनात आली. तिला फार वाईट वाटले. मुलगीसुद्धा मोठे काम करू शकते, हे तिला दाखवायचे होते.

तरुणपणी तिची ओळख कार्ल बेंझ या इंजिनिअरशी झाली. घोड्याशिवाय चालणारी गाडी तयार करण्याचा त्यांना ध्यास होता. पण जवळ पैसा नव्हता. लग्नासाठी वडिलांनी ठेवलेली रक्कम बर्थाने आधीच मागून घेतली आणि कार्ल यांच्या कारखान्यात घातली. १८७२ साली दोघांचा विवाह झाला. पुढे अनेक वर्षे गरिबीत गेली. पण बर्थाबाई डगमगल्या नाहीत.

अखेर कार्ल यांनी तीन चाकांची मोटार तयार केली. २९ जानेवारी १८८६ रोजी त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण ही गाडी विकत घेणार कोण? लोकांना तिच्यावर भरवसा नव्हता. कार्लही निराश झाले. तेव्हा बर्थाबाईंनी मनाशी एक बेत केला.

ऑगस्ट १८८८ मधील एका पहाटे, पती झोपेत असताना, त्या पंधरा वर्षांच्या ऑयगेनला आणि तेरा वर्षांच्या रिचर्डला घेऊन निघाल्या. मानहाईमहून माहेरी, फोर्त्सहाईमला जायचे होते. रस्ते कच्चे होते. चढ आला की गाडी ढकलावी लागे. इंजिन तापले की विहिरीचे किंवा ओढ्याचे पाणी घालावे लागे. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा बाईंनी टोपीच्या पिनेने ती साफ केली. साखळी बिघडली, तेव्हा लोहाराची मदत घेतली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले. बाईंनी चांभाराकडून त्यांवर चामडे बसवून घेतले.

वाटेत इंधन संपत आले. त्या वेळी ही गाडी लिग्रोईन नावाच्या द्रवावर चाले. कपड्यांचे डाग काढायला लोक तो औषधाच्या दुकानातून नेत. वीस्लोख गावातील अशाच दुकानातून बाईंनी लिग्रोईन विकत घेतले आणि गाडी पुढे हाकली. आज ते दुकान जगातील पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखले जाते. त्याच्यासमोर या प्रवासाचे स्मारकही आहे. पाहा, आज पेट्रोल पंपावर गोळी मिळते. त्या दिवशी औषधाच्या दुकानात इंधन मिळाले!

संध्याकाळी तिघे सुखरूप पोहोचले. बाईंनी लगेच पतीला तार केली. काही दिवसांनी त्या त्याच गाडीतून परत आल्या. चढावर गाडी कमी पडते, हे त्यांनी कार्ल यांना सांगितले. मग कार्ल यांनी चढासाठी आणखी एक गिअर बसवला. या प्रवासाची बातमी पसरली आणि मोटार लांबवर जाऊ शकते, हे लोकांना पटले.

१९२९ साली कार्ल यांचे निधन झाले. ज्या शिक्षणसंस्थेत कार्ल शिकले होते, त्या कार्ल्सरूहेच्या संस्थेने बर्थाबाईंना त्यांच्या ९५ व्या वाढदिवशी मानद सिनेटर हा सन्मान दिला. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, त्यांचे निधन झाले. ज्या मुलीच्या जन्माची नोंद खेदाने झाली होती, तिचे नाव आज आदराने घेतले जाते.

मुलांनो, पुढच्या वेळी पेट्रोल पंपापाशी गाडी थांबली, की पिनेने नळी साफ करणाऱ्या त्या आईची आठवण करा. आणि तुमच्या घरी बहीण जन्माला आली, तर आनंदाने मिठाई वाटा.

स्वाध्याय
१. बर्थाबाईंनी कार्ल यांना पैशाची मदत कशी केली?
२. वाटेत कोणकोणत्या अडचणी आल्या? त्या कशा दूर झाल्या?
३. वीस्लोखचे दुकान का प्रसिद्ध आहे?