न्यायासनास जाब विचारणार कोण?

न्यायाधीश स्वतंत्र असावा हें तत्त्व आज कोणास शिकवावयास नको. सत्तेच्या भयानें ज्याची लेखणी कांपते, त्याचा निवाडा हा निवाडाच नव्हे. परंतु स्वातंत्र्य म्हणजे अनियंत्रितपणा नव्हे, हें याच तत्त्वाचें दुसरें अंग पुष्कळदां विसरलें जातें. त्याची आठवण करून देण्यास कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचा पहिला मुख्य न्यायाधीश सर एलिजा इंपे याच्या चरित्राइतकें बोधप्रद चरित्र आम्हांस दुसरें दिसत नाहीं.

इंपेचा जन्म १७३२ सालीं इंग्लंडांत झाला. वेस्टमिन्स्टरच्या शाळेंत वॉरन हेस्टिंग्ज त्याचा सहाध्यायी होता. पुढें केंब्रिज येथें विद्याभ्यास करून तो १७५६ सालीं बॅरिस्टर झाला. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टान्वयें कलकत्त्यास नवें न्यायालय स्थापण्याचें ठरलें. कंपनीच्या नोकरांस कायद्याच्या मर्यादेंत ठेवणें हा त्याचा मुख्य हेतु होता. १७७४ च्या ऑक्टोबरांत इंपे आपल्या तीन सहकाऱ्यांसह कलकत्त्यास उतरला. ज्या प्रकरणानें त्याचें नांव इतिहासांत कायमचें डागळलें, तें त्यानंतर वर्षाच्या आंतच घडलें.

११ मार्च १७७५ रोजीं महाराजा नंदकुमार यानें हेस्टिंग्जवर लांच खाल्ल्याचा आरोप कौन्सिलापुढें मांडला. ६ मे रोजीं तोच नंदकुमार खोटा दस्तऐवज केल्याच्या जुन्या प्रकरणांत अटकेंत पडला. जूनमध्यें खटला चालला, यूरोपियन ज्यूरीनें त्यास दोषी ठरविलें आणि ५ ऑगस्ट रोजीं त्यास फांशीं देण्यांत आलें. शिक्षा झाली ती १७२९ च्या विलायती कायद्यान्वयें, ज्याची बंगालच्या रयतेस गंधवार्ताही नव्हती. राणी एलिझाबेथच्या वेळच्या सौम्य कायद्याखालीं खटला चालवावा, असें खुद्द न्यायाधीश चेंबर्स यानें सुचविलें. पण तें मान्य झालें नाहीं.

इंपे व हेस्टिंग्ज यांचा कट होता असें अनेकांनीं म्हटलें आहे. तो कट सिद्ध झालेला नाहीं हें आम्ही मान्य करतों. सर जेम्स स्टीफन यानें १८८५ सालीं ग्रंथ लिहून इंपेचा बचावही केला. परंतु कट नव्हता असें धरल्यास प्रश्न अधिकच गंभीर होतो. दयेस योग्य कारण दिसल्यास फांशी तहकूब करून प्रकरण राजाकडे पाठविण्याचा अधिकार सनदेनें न्यायाधीशांस दिला होता. मात्र दयेची शिफारस केल्यास कारणें कळवावयाचीं. दया न केल्यास कारण सांगण्याचें बंधन नव्हतें! इंपेनें तो अधिकार वापरला नाहीं व अपिलाची परवानगीही दिली नाहीं. न्यायाधीश दुष्ट नसतांही, केवळ विनाजाब विवेकाधिकारानें माणसाचा जीव जाऊं शकतो, हें या प्रकरणाचें सार आहे.

पुढें १७७९-८० मध्यें कोर्ट व कौन्सिल यांच्यांत हातघाईचा प्रसंग आला. तेव्हां हेस्टिंग्जनें इंपेस सदर दिवाणी अदालतीचें प्रमुखपद देऊं केलें. त्याचें वेतन निराळें होतें, आणि तें पद कौन्सिलाच्या मर्जीवर अवलंबून होतें. इंपेनें तें पत्करलें. त्यानें अदालतींसाठीं उपयुक्त नियमसंहिता रचली, हें त्याचें श्रेय नाकारतां येत नाहीं. पण ज्या सत्तेस आंवरावयाचें, तिच्याच हातून तनखा घेणाऱ्याचा निवाडा निःस्पृह मानावा कोणीं? १७८२ सालीं पार्लमेंटानें त्यास परत बोलाविण्याचा ठराव केला. १७८७ च्या डिसेंबरांत सर गिल्बर्ट इलियट यानें सहा आरोप मांडले. इंपेनें सभागृहापुढें उभें राहून स्वतः उत्तर दिलें, आणि ९ मे १७८८ रोजीं नंदकुमाराविषयींचा आरोप ५५ विरुद्ध ७३ मतांनीं फेटाळला गेला. तो पुढें पार्लमेंटाचा सभासद झाला व १८०९ सालीं वारला.

त्याच काळीं पुण्यास रामशास्त्री प्रभुणे यांनीं राघोबादादांच्या सत्तेखालीं न्यायासनावर बसण्यापेक्षां पद सोडणें पसंत केलें, हें महाराष्ट्रास सांगावयास नको. पण प्रत्येक आसनावर रामशास्त्रीच बसेल या भरंवशावर राज्यव्यवस्था उभारतां येत नाहीं. नियम लागतात ते सामान्य माणसांसाठीं.

आमच्या राज्यघटनेनें न्यायाधीशास दूर करण्याचा अधिकार संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या विशेष बहुमताकडे ठेवला आहे. हें बंधन कडक असावें हेंच योग्य. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. १९९३ सालीं चौकशी समितीनें एका न्यायमूर्तींवरील कित्येक आरोप सिद्ध मानले असतांही, सत्तारूढ पक्ष मतदानापासून अलिप्त राहिल्यामुळें लोकसभेंत ठराव बारगळला. म्हणजे १७८८ प्रमाणेंच येथेंही निर्णय पुराव्यानें नव्हे, तर पक्षांच्या गणितानें झाला.

यास्तव आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. विवेकाधिकार वापरला तरी व नाकारला तरी कारणें लेखी द्यावींत. न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी कायद्यानें नेमलेल्या स्वतंत्र मंडळानें करावी व तिचा निष्कर्ष प्रसिद्ध व्हावा. निवृत्तीनंतर सरकारी पद स्वीकारण्यास ठराविक मुदतीचा प्रतिबंध असावा. यांतील एकाही गोष्टीनें निःस्पृह न्यायाधीशाच्या स्वातंत्र्यास धक्का लागत नाहीं. उलट त्याच्या निवाड्यावरील लोकांचा विश्वास दृढ होतो, आणि विश्वासावांचून न्यायासन म्हणजे नुसती एक उंच खुर्ची होय.