मेघनाद साहा आणि प्रकाशाची साक्ष

सूर्याच्या वायूत तापमापक बुडविता येत नाही. पृथ्वीवरील विद्युतज्योतीत बुडविला, तर तो वितळून जाईल. इतक्या उष्णतेत अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लाझ्मा तयार होतो. त्याचे तापमान व घनता यांची साक्ष देतो तो त्याच्यातून बाहेर पडणारा प्रकाश. ही साक्ष वाचण्याचे सूत्र जगाला देणारे मेघनाद साहा ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या एका खेड्यात, सामान्य दुकानदाराच्या घरी जन्मले.

शिक्षणाची वाट सोपी नव्हती. एका डॉक्टरांनी आश्रय दिला म्हणून दुय्यम शाळेत जाता आले. वंगभंगाच्या काळात गव्हर्नरांच्या भेटीवरील बहिष्कारात भाग घेतल्यामुळे ढाक्यातील सरकारी शाळा आणि शिष्यवृत्ती दोन्ही गेली. पुढे कलकत्त्याच्या वसतिगृहात उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यांच्यासोबत पंक्तीला बसण्यास हरकत घेतली. अशा परिस्थितीतून वर आलेल्या या तरुणाने १९२० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आपला विख्यात निबंध प्रसिद्ध केला.

प्रश्न मोठा विलक्षण होता. खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला असता आयनीभूत कॅल्शियमच्या तेजस्वी रेषा साध्या कॅल्शियमच्या रेषांपेक्षा अधिक उंचीपर्यंत दिसत. वर उष्णता अधिक नसेल, तर अणू तेथे अधिक फुटतात कसे? साहांनी अणूच्या विघटनाला रासायनिक विघटनाचाच नियम लावला. वर दाब अत्यल्प असतो. सुटलेल्या इलेक्ट्रॉनची आयनाशी पुन्हा गाठ पडणे दुर्मीळ होते. म्हणून आयन टिकून राहतात. सूर्याच्या त्या थरात तापमान वर वाढत जाते, हे पुढे उमगले. परंतु सूत्र अबाधित राहिले.

या सूत्राने तापमान, इलेक्ट्रॉनांची घनता आणि आयनीभवनाचे प्रमाण एका धाग्यात ओवले. ताऱ्यांच्या वर्णपटांतील भेद मुख्यतः त्यांच्या तापमानाचे आहेत, हे त्यामुळे स्पष्ट झाले. १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी याच आधारे तारे प्रामुख्याने हायड्रोजनचे असल्याचे दाखविले. आज प्रयोगशाळेत एकाच मूलद्रव्याच्या निरनिराळ्या रेषांच्या तेजाची तुलना करून तापमान काढतात आणि हायड्रोजनची रेषा किती रुंदावली यावरून इलेक्ट्रॉनांची घनता मोजतात. प्लाझ्मा समतोलात असेल, तर या दोन्ही मापांचा मेळ साहांचे सूत्र घालते. समतोल ढळला, की ते जपून वापरावे लागते.

स्वतःची वेधशाळा साहांजवळ नव्हती. इतरांच्या निरीक्षणांवर त्यांनी सिद्धान्त उभारला. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले. ते मिळाले नाही. १९२७ मध्ये मात्र ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. अलाहाबाद आणि कलकत्ता येथे त्यांनी शिष्य घडविले, कलकत्त्यात अणुभौतिकीची संस्था उभारली आणि १९५२ मध्ये ते लोकसभेत गेले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जात असता त्यांचे निधन झाले.

अणूचे भवितव्य केवळ त्याच्या उष्णतेवर नव्हे, तर भोवतालच्या दाबावरही ठरते, हे साहांनी सिद्ध केले. माणसाविषयी हेच त्यांच्या चरित्रातून दिसते. फरक एवढाच, की अणूला आपल्या भोवतालचा दाब बदलता येत नाही. समाजाला तो बदलता येतो.