खलीफा दुसरा उमर

दमास्कसच्या उमय्या घराण्यांतील उमर बिन अब्दुल अझीझ इ. स. ७१७ मध्यें खलीफा झाला. वैभवांत वाढलेल्या या पुरुषानें गादीवर येतांच साधी राहणी पत्करिली. महसूल घटेल या भीतीनें अधिकारी नव्यानें मुसलमान झालेल्यांकडूनही जिझिया घेत. तो त्यानें बंद करविला. ख्रिस्ती प्रजेवर मात्र त्यानें निर्बंध घातल्याचें इतिहासांत नमूद आहे. सरकारी काम संपतांच तो सरकारी तेलाचा दिवा मालवून स्वतःचा लावी, अशी कथा सांगतात. अवघें अडीच वर्षें राज्य करून इ. स. ७२० मध्यें, चाळिशीच्या सुमारास, तो वारला. सिरियांतील दैर सिमआन या ख्रिस्ती मठाच्या ठिकाणीं त्याचें दफन झालें. बंधूंनो, मंडळीची पेटी ज्यांच्या हातीं आहे, त्यांनीं आपल्या दिव्यांत कोणाचें तेल जळत आहे हें पाहावें.