फादर लमेत्र : विश्वाचा आरंभ मांडणारे धर्मगुरू

विश्व एका अतिघन, अतितप्त अवस्थेतून सुरू झाले आणि तेव्हापासून प्रसरण पावत आहे, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ही कल्पना प्रथम मांडणारे शास्त्रज्ञ कॅथलिक धर्मगुरू होते, हे मात्र फारसे कुणाला माहीत नसते. त्यांचे नाव जॉर्ज लमेत्र.

त्यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधील शार्लरुआ या गावी झाला. शिक्षण जेझुइटांच्या शाळेत झाले. धर्मगुरू व्हायचे आणि विज्ञानही शिकायचे, असे त्यांनी लहानपणीच ठरवले होते. लूव्हाँ विद्यापीठात इंजिनिअरिंगचे शिक्षण चालू असतानाच १९१४ चे महायुद्ध आले. लमेत्र स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले, तोफखान्यात लढले आणि पदक मिळवून परतले. परतल्यावर इंजिनिअरिंग सोडून त्यांनी गणित व भौतिकशास्त्र घेतले. १९२० मध्ये डॉक्टरेट मिळाली, त्यानंतर ते सेमिनरीत गेले आणि सप्टेंबर १९२३ मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी ते केंब्रिजला एडिंग्टन यांच्याकडे गेले, तेथून अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत.

१९२५ मध्ये ते लूव्हाँला परतून शिकवू लागले. दोनच वर्षांनी त्यांनी आईनस्टाईन यांच्या सापेक्षता सिद्धांताच्या समीकरणांतून दाखवून दिले की विश्व स्थिर नाही, ते फुगते आहे, म्हणून दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जाताना दिसतात. जितकी दीर्घिका दूर, तितका तिचा वेग जास्त. या प्रसरणाचा दरही त्यांनी उपलब्ध निरीक्षणांवरून काढला. हबल यांचा प्रसिद्ध निबंध त्यानंतर दोन वर्षांनी, १९२९ मध्ये आला. लमेत्र यांचा निबंध मात्र फ्रेंचमध्ये, ब्रुसेल्सच्या एका नियतकालिकात छापला गेला आणि कुणाच्या नजरेस पडला नाही. त्याच वर्षी ब्रुसेल्सच्या सॉल्व्हे परिषदेत आईनस्टाईन भेटले. गणित बरोबर आहे, पण त्यामागचे भौतिकशास्त्र अजिबात पटत नाही, असे त्यांनी स्पष्टच सांगितले. रशियातील फ्रीडमन यांनी १९२२ मध्येच अशी उत्तरे काढली होती, हेही लमेत्र यांना त्या भेटीतच कळले.

पुढे १९३१ मध्ये एडिंग्टन यांच्या पुढाकाराने या निबंधाचे इंग्रजी भाषांतर निघाले. त्यातून प्रसरणाच्या दराचा भाग गळला होता. हबलचे श्रेय राखण्यासाठी कुणी तो कापला असावा, असा संशय अनेक वर्षे होता. २०११ मध्ये जुना पत्रव्यवहार सापडला आणि खुलासा झाला : नवे आकडे आल्यावर जुने छापण्यात अर्थ नाही, म्हणून लमेत्र यांनीच तो भाग वगळला होता. श्रेयाबद्दल इतका बेफिकीर संशोधक विरळाच.

त्याच वर्षी 'नेचर'मध्ये त्यांचे एक छोटे टिपण आले. विश्व प्रसरण पावत असेल तर भूतकाळात ते लहान असले पाहिजे. मागे मागे जात राहिले तर सारे द्रव्य एकाच 'आदिअणू'त सामावलेले असणार. या टिपणाच्या मसुद्यात शेवटी ईश्वराविषयी एक परिच्छेद होता. छापायला देण्यापूर्वी लमेत्र यांनी तो खोडून टाकला.

तरी संशय सुटला नाही. धर्मगुरूनेच विश्वाला आरंभ आहे म्हणावे, म्हणजे बायबलमधील सृष्टीची कथा मागच्या दाराने विज्ञानात आणणे, असे अनेकांना वाटे. फ्रेड हॉईल यांना तर ही कल्पना मुळीच मान्य नव्हती. १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना त्यांनीच तिला 'बिग बँग' हे नाव दिले. आपल्याकडे हॉईल यांचे नाव घरोघरी पोहोचले ते जयंत नारळीकरांमुळे. कोल्हापुरात जन्मलेले, बनारसच्या मराठी घरात वाढलेले नारळीकर केंब्रिजमध्ये हॉईल यांचे विद्यार्थी होते आणि महास्फोटाला अखेरपर्यंत प्रश्न विचारत राहिले.

लमेत्र यांची खरी कसोटी मात्र विरोधकांनी पाहिली नाही. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केले. आधुनिक विज्ञानाने विश्वनिर्मितीची, आणि पर्यायाने निर्मात्याची, साक्ष दिली आहे, असा त्याचा आशय होता. दुसरा कुणी धर्मगुरू सुखावला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. त्यांच्या मते भौतिकशास्त्रातला आरंभ वेगळा आणि धर्मातली निर्मिती वेगळी. आदिअणू ही तपासून पाहायची, उद्या चुकीचीही ठरू शकेल अशी कल्पना होती. श्रद्धा तिच्या आधारावर उभी करायची कशी? बायबल खगोलशास्त्र शिकवायला लिहिलेले नाही, अशी त्यांची धारणा होती. रोममध्ये जाऊन त्यांनी व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक फादर ओकॉनेल यांच्याशी चर्चा केली. सप्टेंबर १९५२ मध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ रोममध्ये जमले, तेव्हा पोप त्यांच्यापुढे बोलले, पण तो दावा त्यांनी पुन्हा केला नाही. चर्चच्या सर्वोच्च व्यक्तीला आपल्याच सिद्धांताचा आधार घेऊ नका म्हणून सुचवायला धैर्य लागते. चर्चनेही त्यांना दूर लोटले नाही. १९६० मध्ये त्याच अकादमीचे ते अध्यक्ष झाले.

१९६५ मध्ये अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे क्षीण सूक्ष्मलहरी प्रारण सापडल्याचे जाहीर केले. ती आदिकाळाच्या उष्णतेची खूण होती. लमेत्र तेव्हा आजारी होते. एका सहकाऱ्याने ही बातमी त्यांना सांगितली. २० जून १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाच्या सदस्यांनी मतदान करून हबल नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे अशी शिफारस केली.