डॉक्टरकीचा अभ्यास झेपत नाही? सांतियागो रामोन इ काहाल यांची जीवनकथा



आपल्या धर्मग्रामातील कितीतरी मुलामुलींना डॉक्टर व्हायचे असते. दहावीला चांगले गुण मिळतात, अकरावीला विज्ञान शाखा घेतली जाते, क्लासची फी भरली जाते आणि मग पहिल्याच चाचणीत धक्का बसतो. जीवशास्त्रातील लांबलचक नावे, रसायनशास्त्रातील समीकरणे, भौतिकशास्त्रातील उदाहरणे काही केल्या डोक्यात राहत नाहीत. मूल गप्प गप्प राहू लागते. आईवडिलांना वाटते की ते आळशी झाले आहे. मुलाला वाटते की आपल्यात अक्कलच नाही. घराघरात हा ताण आहे. म्हणून या रविवारी एका मोठ्या वैद्यकशास्त्रज्ञाचे चरित्र थोडक्यात सांगावे असे आम्ही ठरवले. हे संतचरित्र नव्हे. त्यांना वेदीवरचा मान मिळालेला नाही आणि आम्ही तो देऊही पाहत नाही. परंतु अभ्यास झेपत नसलेला मुलगा पुढे काय होऊ शकतो आणि कशामुळे, हे त्यांच्या आयुष्यातून स्पष्ट दिसते.

सांतियागो रामोन इ काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधील पेतिया दे आरागोन या डोंगराळ खेड्यात झाला. सांतियागो हे प्रेषित संत याकोबाचे स्पॅनिश नाव. त्यांचे वडील हुस्तो रामोन हे गावोगाव नोकरी करणारे शल्यवैद्य होते. ते गरीब शेतकऱ्याच्या घरातून आलेले. लहानपणी एका न्हावी-वैद्याकडे उमेदवारी केली, पुढे बार्सिलोनाला न्हाव्याचे काम करत करत वैद्यकीचे शिक्षण घेतले. असा बाप मुलाकडून काय अपेक्षा करील, हे सांगायला नको. सांतियागोने डॉक्टर व्हायचे, हे त्यांनी ठरवून टाकले होते. तो लहान असताना गावाजवळच्या मेंढपाळांच्या एका गुहेत बसून त्यांनी त्याला भूगोल, अंकगणित आणि फ्रेंच भाषा शिकवली होती.

मुलाला मात्र चित्रकार व्हायचे होते. हाती येईल त्या कागदावर आणि भिंतीवर तो चित्रे काढी. वडिलांच्या लेखी चित्रकला म्हणजे उपासमारीचा धंदा. पुढे हे कुटुंब आयेर्बे या गावी राहायला गेले. तेथील चर्चला आग लागून भिंती काळवंडल्या होत्या आणि त्या रंगवायला बाहेरगावचा एक कारागीर आला होता. वडिलांनी मुलाने काढलेले एका प्रेषिताचे चित्र त्याला दाखवले. भिंतीला चुना लावणाऱ्या त्या माणसाने चित्र पाहून निकाल दिला की या पोराला चित्रकलेची देणगी नाही. तेवढ्यावर घरातले रंग आणि कुंचले बंद झाले.

नंतर सांतियागोला हाका या गावी धर्मगुरूंच्या शाळेत लॅटिन शिकायला पाठवण्यात आले. येथे आम्हाला एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या घरची आहे. त्या शाळेत शिक्षण म्हणजे पाठांतर आणि पाठांतर चुकले की मार. सांतियागोची शब्द पाठ करण्याची शक्ती बेताची होती. तो अडखळे, मार खाई, मग हट्टाने अभ्यास सोडी आणि शिक्षा म्हणून उपाशी कोंडला जाई. सुटीत घरी आला तेव्हा तो वाळून गेला होता. ज्या शाळेवर क्रूस होता तिने हे लेकरू ओळखले नाही. आपल्या शाळा चालवणाऱ्यांनी आणि त्यांत शिकवणाऱ्यांनी ही आठवण विसरू नये.

मग त्याला उएस्का शहरातील शाळेत घातले. तेथेही खोड्या, मारामाऱ्या आणि वहीच्या समासात शिक्षकांची व्यंगचित्रे चालूच राहिली. अकरा वर्षांचा असताना त्याने घरी लाकडी तोफ बनवली, तिने शेजाऱ्याचे नवे फाटक उडवले आणि त्याबद्दल काही दिवस गावच्या कोठडीतही काढले. वडिलांनी कंटाळून त्याला आधी एका न्हाव्याकडे आणि नंतर एका चांभाराकडे कामाला ठेवले. चामडे शिवण्यात तो तरबेज झाला. हाताने करायचे काम असले की त्याचे लक्ष विचलित होत नसे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले की नाही देव जाणे. काही काळाने वडिलांनी त्याला पुन्हा शाळेत पाठवायचे ठरवले, तेव्हा त्याने एकच अट घातली: चित्रकलेचा वर्ग लावू द्यावा. या वेळी वडिलांनी ती मान्य केली.

१८६८ चा उन्हाळा आला. सांतियागो सोळा वर्षांचा होता. वडिलांनी त्याला वैद्यकीच्या पहिल्या विषयाची, म्हणजे अस्थिशास्त्राची ओळख स्वतः करून द्यायचे ठरवले. मात्र त्यांनी त्याच्या हातात पुस्तक दिले नाही. एका चांदण्या रात्री बापलेक जुन्या दफनभूमीची भिंत चढून आत गेले आणि उघड्यावर पडलेली हाडे गोळा करून घरी घेऊन आले. धर्मगुरू म्हणून या कृत्याची भलावण आम्ही करणार नाही. मृतांचे अवशेष पवित्र असतात. आज ज्यांनी मृत्यूपूर्वी देहदान केले त्यांच्या औदार्यामुळे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचना शिकता येते. अशा अनाम दात्यांसाठीही आपण मृत भाविकांच्या स्मरणदिनी प्रार्थना करावी.

धान्याच्या कोठारात ती हाडे मांडून शिकवणी सुरू झाली. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. प्रत्येक हाडाला उंचवटे, खोबणी, छिद्रे असतात आणि प्रत्येकाला लॅटिन नाव असते. ती नावे नुसती पाठ करायची म्हटली तर भल्याभल्यांना घाम फुटतो. परंतु वडिलांनी हाड हातात दिले. हा उंचवटा कशासाठी? येथे अमुक स्नायू चिकटतो. हे छिद्र कशासाठी? येथून अमुक नस आणि अमुक रक्तवाहिनी जाते. ही खोबण गुळगुळीत का? येथे दुसरे हाड फिरते. कारण कळले की नाव आपोआप चिकटून राही.

आणि सांतियागोने ती हाडे चित्रात उतरवली. ज्या छंदापायी त्याने मार खाल्ला होता तोच छंद आता अभ्यासाचे साधन झाला. चित्र काढायचे म्हणजे पाहावे लागते. वाचताना डोळा ओळीवरून घसरून जातो, पण कवटीच्या तळाचे चित्र काढताना एकही छिद्र वगळता येत नाही. वगळले तर चित्र चुकते. जो मुलगा लॅटिनची दहा वाक्ये पाठ करू शकत नव्हता तो कवटीतील प्रत्येक हाडाचे वर्णन बिनचूक करू लागला. वडील तर हरखून गेले. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर ते मुलाला प्रश्न विचारीत आणि अभिमानाने उत्तरे ऐकत.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांचा एक सिद्धांत शिकवला गेला होता. अॅरिस्टॉटलच्या मागोमाग जात ते मांडतात की माणसाचे ज्ञान इंद्रियांपासून सुरू होते. बुद्धी त्यावर काम करून अर्थ काढते. आयेर्बेच्या त्या कोठारात नेमके हेच घडले. मुलाची बुद्धी मंद नव्हती. तिला आधी काही पाहायला आणि हाताळायला मिळाले नव्हते, इतकेच.

पुढे सांतियागो सारागोसा येथे वैद्यकीय शिक्षण घेऊ लागला. वडिलांनाही तेथेच शवविच्छेदन शिकवण्याचे काम मिळाले आणि बापलेकांनी काही वर्षे शेजारी शेजारी उभे राहून काम केले. सांतियागोने शरीररचनेची रंगीत चित्रे काढली. त्यांचा संग्रह छापण्याची इच्छा वडिलांना झाली. पण त्या शहरात तशी रंगीत छपाई होत नसल्याने ते राहून गेले. ज्या वडिलांनी कुंचले हिसकावून घेतले होते तेच आता मुलाची चित्रे छापायला निघाले होते. बापलेकांचा समेट हा असा झाला.

१८७३ मध्ये सांतियागो यांना वैद्यकीची पदवी मिळाली. परंतु अडचणी संपल्या नव्हत्या. त्यांना सैन्यात भरती व्हावे लागले, १८७४ मध्ये क्यूबाला जावे लागले आणि तेथून १८७५ मध्ये ते मलेरियाने खंगून परतले. १८७७ मध्ये डॉक्टरेटच्या परीक्षेसाठी माद्रिदला गेले तेव्हा सूक्ष्मदर्शकाखालील ऊतींचे खरे नमुने त्यांनी प्रथमच नीट पाहिले. पदवी मिळाली होती, पण एक आख्खा विषय त्यांनी केवळ पुस्तकातून शिकला होता. त्याचे रडगाणे न गाता त्यांनी सैन्यातील पगाराच्या शिलकीतून एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला आणि घरीच सुरुवात केली. पुढच्याच वर्षी क्षयामुळे रक्ताच्या गुळण्या झाल्या. महिनोन्महिने विश्रांती घ्यावी लागली. प्राध्यापकपदाच्या स्पर्धा परीक्षांत अपयश आले. अखेर १८८३ मध्ये वालेन्सिया येथे ते पद मिळाले. तोपर्यंत त्यांचे लग्न झाले होते. पत्नी सिल्वेरिया यांनी मुलाबाळांचा संसार तुटपुंज्या मिळकतीत चालवला, म्हणून हे संशोधन होऊ शकले.

१८८७ मध्ये माद्रिदच्या एका डॉक्टरांनी त्यांना इटलीचे कमिल्लो गॉल्जी यांच्या पद्धतीने रंगवलेला मेंदूचा तुकडा दाखवला. चांदीच्या क्षारांमुळे असंख्य पेशींपैकी मोजक्याच पेशी काळ्या होत आणि पिवळसर पार्श्वभूमीवर त्यांच्या फांद्या स्पष्ट दिसत. गॉल्जी यांनी ही पद्धत १८७३ मध्येच प्रसिद्ध केली होती, पण ती लहरी म्हणून फार थोडे लोक वापरीत. काहाल यांनी ती सुधारली आणि भ्रूणांच्या व पिल्लांच्या कोवळ्या ऊतींवर वापरली, कारण तेथे तंतूंभोवतीचे आवरण अजून तयार झालेले नसते. मग ते सूक्ष्मदर्शकाजवळ बसले आणि जे दिसले ते चित्रात उतरवू लागले.

त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ मानत की मेंदूतील सर्व तंतू एकमेकांत मिसळून एक अखंड जाळे तयार होते. १८८८ मध्ये काहाल यांनी पक्ष्यांच्या लहान मेंदूचा अभ्यास करून दाखवले की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते. ती दुसरीला स्पर्श करण्याइतकी जवळ येते, पण तिच्यात विलीन होत नाही. हे प्रसिद्ध करण्यासाठी त्यांनी पदरचे पैसे घालून नियतकालिक काढले. तरी कोणी लक्ष देईना, म्हणून १८८९ मध्ये ते आपले नमुने घेऊन बर्लिनच्या परिषदेत गेले. तेथे नामवंत शास्त्रज्ञ कोलिकर यांनी सूक्ष्मदर्शकातून स्वतः पाहिले आणि त्यांची खात्री पटली. १९०६ मध्ये काहाल आणि गॉल्जी या दोघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गॉल्जी तेव्हाही जाळ्याचाच सिद्धांत मांडत होते. पुढे १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन चेतापेशींमधील फट दाखवली आणि काहाल यांचे म्हणणे खरे ठरले. स्वतः काहाल १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे निवर्तले होते. जीवशास्त्राच्या पुस्तकात चेतापेशीचा जो धडा आमची मुले आज घोकतात, त्यामागे या माणसाची चित्रे आहेत.

या चरित्रातून आपण काय घ्यावे?

विद्यार्थ्यांनो, एखादा विषय डोक्यात शिरत नसेल तर लगेच स्वतःवर नापासाचा शिक्का मारू नका. आधी अभ्यासाची रीत बदलून पाहा. हृदयाचा धडा चार वेळा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून हृदयाचे चित्र काढा, रक्त कोठून येते आणि कोठे जाते ते बाणांनी दाखवा, मग पुस्तक उघडून चूक शोधा. नाव पाठ करण्यापूर्वी ते कशाचे नाव आहे आणि तो भाग काय काम करतो ते समजून घ्या. प्रयोगशाळेतील तास बुडवू नका. अडले तर शिक्षकांना विचारायला लाजू नका. जागरण करून प्रार्थना आणि झोप या दोन्हींना फाटा देऊ नका. परमेश्वर बुद्धी देतो, पण आपल्या वाटचा अभ्यास तो करून देत नाही.

आईवडिलांनो, हुस्तो रामोन यांनी मुलाला धाक दाखवला, छंद तोडला, कामाला जुंपले. त्यातून मुलगा डॉक्टर झाला नाही. ते हाड हातात घेऊन त्याच्या शेजारी बसले आणि तेथून तो बदलला. तुम्हाला जीवशास्त्र येत नसेल, तरी शेजारी बसता येते. आज काय शिकलास ते मला समजावून सांग, एवढे म्हणता येते. आणि मुलाचा जो छंद तुम्हाला वेळेचा अपव्यय वाटतो त्याकडे पुन्हा एकदा पाहा. कदाचित परमेश्वराने त्याच वाटेने त्याला काही दिले असेल.

ज्यांना वैद्यकीय प्रवेश मिळणार नाही अशीही मुले आपल्यात असतीलच, कारण जागा थोड्या आणि इच्छुक फार. त्यांनाही आम्ही सांगू इच्छितो की काहाल यांची योग्यता त्या परीक्षांत अपयश आले म्हणून कमी झाली नव्हती. देवाच्या प्रतिरूपात घडवलेल्या माणसाची किंमत गुणपत्रिका ठरवत नाही. मन फार खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर एकटे राहू नका. घरच्यांशी बोला, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकांशी बोला, आमच्याकडे या. धर्मगुरुनिवासाचे दार तुमच्यासाठी उघडे आहे, निकालाच्या आधी आणि निकालानंतरही.

प्रभू तुमच्या अभ्यासाला आणि तुमच्या घराला आशीर्वाद देवो.

तुमचे प्रमुख धर्मगुरू