चव्वेचाळीस नंबरचा अर्नी

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने मारायचा गोल चेंडू डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतला फुटबॉल निराळा. तिथे लांबट चेंडू छातीशी धरून पळायचे आणि समोरच्या अकरा जणांनी पळणाऱ्याला आडवे पाडायचे. अर्नी डेव्हिस असा पळणारा होता. त्याला आयुष्य मिळाले अवघे तेवीस वर्षांचे.

१४ डिसेंबर १९३९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात एका कृष्णवर्णीय कुटुंबात तो जन्मला. वडील अपघातात गेले. खाणीत राबणाऱ्या आजोबांनी आणि आजीने त्याला वाढवले. लहानपणी तो बोलताना अडखळत असे. बाराव्या वर्षी तो न्यूयॉर्क राज्यातील एल्मिरा येथे आईकडे आला. शाळेत बास्केटबॉल आणि फुटबॉल या दोन्ही खेळांत चमकला, तेव्हा अनेक कॉलेजांनी त्याला बोलावणी धाडली. त्याने सिराक्यूज विद्यापीठ निवडले. तिथे त्याला जिम ब्राऊन या थोर खेळाडूचा ४४ क्रमांक मिळाला.

त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात घेत नसत. म्हणून १९५९ चा हंगाम हा त्याचा पहिलाच. वय एकोणीस, वर्ग दुसऱ्या वर्षाचा! प्रशिक्षक बेन श्वार्ट्झवाल्डर यांच्या या संघाने दहाच्या दहा सामने जिंकले. शेवटचा मानाचा सामना १ जानेवारी १९६० रोजी डॅलस येथे टेक्सास विद्यापीठाशी झाला. टेक्सासच्या संघात सारे गोरेच होते. अर्नीच्या मांडीचा स्नायू दुखावलेला होता. तरीही सुरुवातीलाच झेल घेऊन, ८७ यार्डांच्या चालीवर त्याने पहिले गुण मिळवले. सिराक्यूजने सामना २३-१४ असा जिंकला. राष्ट्रीय विजेतेपदही त्यांचेच. सामन्यातील उत्कृष्ट खेळाडू म्हणून अर्नीची निवड झाली.

त्याच रात्री बक्षीस समारंभाची मेजवानी होती. परंतु बक्षीस घेऊन कृष्णवर्णीय खेळाडूंनी तेथून निघून जावे, असे त्यांना सांगण्यात आले. भरल्या पंगतीतून उठवणे म्हणजे काय, हे आपल्या गावांना वेगळे सांगायला नको. दुपारी ज्याच्यासाठी टाळ्या वाजल्या, त्याला रात्री त्याच शहरात जेवणाच्या टेबलाशी जागा नव्हती.

अर्नीने खेळ सोडला नाही. १९६१ मध्ये कॉलेज फुटबॉलमधील सर्वोच्च असा हाइझमन पुरस्कार त्याला मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्याची आवर्जून भेट घेतली. १९६२ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत सर्वांत पहिले नाव त्याचेच निघाले आणि तो क्लीव्हलँड ब्राऊन्स संघात दाखल झाला. तिथे जिम ब्राऊनच्या जोडीने तो खेळणार होता.

पण त्याच उन्हाळ्यात डॉक्टरांना रक्ताचा कर्करोग आढळला. ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडच्या मैदानावर प्रकाशझोतात त्याची प्रेक्षकांशी ओळख करून देण्यात आली. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. एवढेच त्याचे व्यावसायिक मैदान. एकही सामना न खेळता १८ मे १९६३ रोजी तो गेला. एल्मिरात हजारो लोक त्याच्या अंत्यदर्शनाला आले. तेथील ज्या स्मशानभूमीत मार्क ट्वेन विसावला आहे, तिथेच अर्नीही आहे.

क्लीव्हलँड संघाने त्याचा ४५ क्रमांक पुन्हा कोणालाही दिला नाही. एल्मिरात आज त्याच्या नावाची शाळा आहे. डॅलसच्या त्या मेजवानीत मानाने बसून जेवणाऱ्यांची नावे मात्र आज कोणी विचारीत नाही.

— द्वितीय वर्ष कला